देवाने न मागितलेला रंग

आमच्या घरातली एकही कोंबडी कधी म्हातारी होऊन मेली नाही. अंड्यावर येईपर्यंत ती खुराड्यात असायची. मग कुणाच्या पोराला ताप यायचा, कुणाची म्हैस पान्हा चोरायची, कुणाच्या सुनेच्या अंगात यायचं, आणि आमची कोंबडी त्या कामी लागायची. याचं कारण माझे सासरे. आम्ही दोघी सुना त्यांना मामंजी म्हणायचो. कृष्णाकाठी, साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या मोटाररस्त्याला लागून आमचं गाव. उसाचा मळा, दारात बैलजोड्या, थोरले दीर पलटणीत. असल्या घराला गावात मान असतोच, पण मामंजींना होता तो वेगळ्या गोष्टीसाठी. ते देवऋषी होते. म्हणजे लोकांचं बघायचे.

बघायचं म्हणजे असं. मामंजी बाहेरच्या सोप्यात घोंगडीवर बसायचे, पुढ्यात सूप घ्यायचे आणि सुपात जोंधळ्याची मूठ टाकायचे. आलेला माणूस आपलं दुखणं सांगायचा. मामंजी दाण्यांच्या जोड्या लावत जायचे. सगळे दाणे जुळले तर एक देव, एक उरला तर दुसरा. शेवटी मान वर करून सांगायचे, "म्हसोबा आडवा आलाय. काळी तलंग लागंल." तलंग म्हणजे नुकती अंड्यावर आलेली तरुण कोंबडी. मरीआईला पांढरी लागायची, शिवेवरच्या देवाला तांबडा कोंबडा, करणी उतरवायला ठिपक्याठिपक्यांची कवडी. रंगाच्या बाबतीत आमच्याकडचे देव फार काटेकोर होते.

यात मामंजींचा स्वार्थ रतीभर नव्हता, हे मी त्यांची सून असून सांगते. त्यांनी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. कमरेला एक लाल चंची असायची. तिच्यातली तंबाखू ते स्वतः मळायचे आणि निम्मी समोरच्याच्या हातावर ठेवायचे. तेवढं एकच व्यसन, पण चंचीवाचून त्यांचा घटकाभर निभाव लागत नसे. एकदा ती मळ्यात विसरली तर भरल्या ताटावरून उठून आणायला गेले होते. त्यांचा दानधर्मही अडचणीचा होता. आलेला माणूस म्हणायचा, "आवं बाबा, आमच्यात काळी न्हाई." की हे लगेच म्हणायचे, "मग आमच्या खुराड्यातली ने की." देवाच्या नावानं मागितलेल्या कोंबडीला नाही म्हणायचं नसतं, असा शिरस्ता. आणि खुराडं होतं आक्काचं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. धान्य, गूळ, दूधदुभतं सगळं मामंजींच्या हुकमात. कोंबड्या तेवढ्या बायकांच्या, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे व्हायचं काय, की आक्कानं खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी घालायची थांबून ती उबवू बघणारी, अंड्यांवर बसवायची, पिल्लांना घारीपासून जपायचं, कण्या घालून वाढवायचं आणि मामंजींनी ती देवाला पोचवायची. नेणारे म्हणायचे, पिल्लू आणून देतो. एखादा द्यायचाही. आक्का हसून सोडून द्यायची. मला तिचा तो हसरा स्वभाव सोसत नसे. माझ्या कोंबड्या असत्या तर मी खुराड्याला कुलूप घातलं असतं. पण माझ्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर कोंबड्यांची घाण मला पहिल्यापासूनच आवडत नाही.

मग तिच्या मुलाचं दुखणं निघालं. एकुलता एक मुलगा, चालायला लागून बरेच दिवस झालेले, पण अंगाला काही लागेना. बरगड्या मोजून घ्याव्यात असा दिसायचा. दर पंधरवड्याला अंगात बारीक तापाची कसर यायची. त्याला सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती ठोकून बघितली, बाटलीभर औषध दिलं आणि सांगितलं, की औषधापेक्षा पोटात जाणं महत्त्वाचं आहे, रोज एक अंडं दुधातून द्या, एक दिवसही चुकवू नका. बाहेर आल्यावर आक्काला म्हणाले, "बाई, याचा पुढचा पावसाळा नीट गेला तर पोरगं तुमचं." आक्का वाटभर अंड्यांचा हिशेब करत होती. आमच्या गावरान कोंबड्या चार दिवस अंडं देणार आणि महिनाभर खुडूक बसणार, त्यातही धडधाकट असेल ती देवाला जाणार. रोज एक अंडं कुठून आणायचं? गावात मागितलं तर लोक एखाददुसरं देतात, वर्षभर देत नाहीत.

त्या भाऊबीजेला आक्काचा भाऊ आला. तो पाचगणीच्या एका शाळेत स्वयंपाकी होता, साहेबलोकांच्या पोरांना पुडिंग करून घालायचा. बोलता बोलता म्हणाला, की शाळेच्या मडमेनं विलायती कोंबड्या पाळल्यात, त्या खुडूक म्हणून बसत नाहीत, जवळजवळ रोज अंडं देतात. आक्कानं भाकरी थापता थापता विचारलं, "रंग कंचा?"

"लय रंग हाईत. काळ्या हाईत, पांढऱ्या..."

"काळ्या नगंत. पांढऱ्या नगंत. तांबड्या नगंत, कवड्या बी नगंत."

"मग ऱ्हायलं काय गं?" भाऊ म्हणाला.

"ते तूच बघून सांग."

मला तेव्हा कळलं, की ही बाई हसत होती ती वेडी म्हणून नव्हे. तिला देवाशी भांडायचं नव्हतं, सासऱ्याशीही नव्हतं. तिला फक्त देवानं कधी मागितला नाही असा रंग हवा होता.

भाऊ परत गेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती कागदात गुंडाळून पिसं पाठवली. एक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं, एक पांढऱ्यावर राखाडी पट्ट्यांचं, आणि एक निळं. निळं म्हणजे मोराचं निळं नव्हे, पावसाच्या ढगाचं असतं तसलं. आक्कानं ती पिसं ताटलीत ठेवली आणि मला पुढं घालून सोप्याच्या दाराआड उभी राहिली. आम्ही सुना मामंजींशी दाराआडूनच बोलायचो.

"मामंजी, असल्या रंगाची तलंग कंच्या देवाला चालती म्हणायची?"

मामंजींनी पिसं डोळ्यांजवळ नेली. त्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "असला रंग आपल्यात न्हाईच, पोरी. देव वळखायचा न्हाई."

आक्का आत आली आणि पाठ फिरवून हसली. मीही हसले. घरात इतकं मनमोकळं हसायला बरेच दिवस मिळालं नव्हतं.

उबवायच्या अंड्यांची पहिली टोपली मार्गशीर्षात आली. ते युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळायचं नाही, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या मागं लोखंडी पिंपाएवढी भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसा घालायचा आणि चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायचं. पाचगणीच्या मोटारीनं टोपली साताऱ्याला आली, तिथून सांगलीच्या मोटारीत बसली आणि आमच्या फाट्यावर उतरली. ड्रायव्हर ओळखीचा, शेजारच्या गावचा. त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आक्का, पिल्लं काडायची अंडी हाईत म्हणलं, ऊब पायजे. साताऱ्यापास्नं भट्टीला चिकटून ठिवली हुती बगा."

एका अंड्याला चीर गेली होती. आक्कानं ते सोललं. आत पांढरं घट्ट झालेलं, भट्टीच्या बाजूनं जरा जास्तच. तिनं तोंडावर पदर धरला. रडत होती की हसत होती ते ड्रायव्हरला कळलं नाही, मला कळलं. माणूस भला होता, त्यानं इतक्या जपून आमचा सत्यानाश केला होता की त्याला बोलायलाही जागा नव्हती. ती अंडी आम्ही मीठ लावून मुलाला खाऊ घातली. त्यानं ती आवडीनं खाल्ली.

दुसरी टोपली संक्रांतीनंतर आली. या वेळी भाऊ स्वतः साताऱ्यापर्यंत आला होता. त्यानं वाईकडून भाताचा कोंडा आणून त्यात अंडी उभी रोवली होती, वरून फडकं शिवलं होतं, आणि टोपली मोटारीच्या आतल्या दांडीला दोरीनं पाळण्यासारखी टांगली होती, म्हणजे खड्ड्यांचा दणका बसू नये. ड्रायव्हरला बजावलं होतं, की ऊब द्यायचं काम कोंबडीचं, तुझं नव्हे. उतारूंनी वाटभर पाळण्याला झोके दिले म्हणे. वाटेत नाक्यावर झडती झाली. त्या वर्षांत आमच्या भागात भूमिगतांच्या पाळतीवर पोलीस असायचे आणि टोपलीत पिस्तूल असू शकतं असं त्यांना वाटायचं. पिस्तूल निघालं नाही. अंडी मात्र दोन कमी झाली.

आक्कानं टोपली घरी आणली आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. लांबून आलेली अंडी दमलेली असतात, त्यांना विसावा पाहिजे, असं ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मग पाटीत गवत पसरून, मेघ गरजला तर अंड्यांना बाधू नये म्हणून त्यात एक कोळसा आणि मोडकी सुई ठेवून, घरची म्हातारी तांबडी खुडूक कोंबडी बसवली. ती तांबडी एका डोळ्यानं आंधळी होती, देवाला चालत नव्हती, म्हणून वाचली होती.

निम्म्याहून जास्त अंडी वाया गेली. पण निघाली ती पिल्लं धट्टीकट्टी. पिसं फुटायला लागली तशी आम्ही रोज सकाळी बघायचो. दोन पिवळ्या, एक पट्ट्यांची, दोन निळ्या. आणि एक काळी. निळीच्या अंड्यातून काळं पिल्लूही निघतं, हे मडमेला ठाऊक असेल, आम्हाला नव्हतं. आक्कानं ते काळं पिल्लू हातात घेऊन म्हटलं, "तू का आलीस गं?" ते तलंग झालं त्याच आठवड्यात गुऱ्हाळावरच्या गड्याच्या बायकोला वाताचा झटका आला आणि मामंजी म्हणाले, "आमच्या खुराड्यातली ने."

बाकीच्या राहिल्या. गावातून बायका बघायला यायच्या. पिवळीचं अंडं चहाच्या रंगाचं असायचं, ते बघून एकीनं विचारलं, की हे कच्चं हाय का उकडल्यालं. मागायला आलेल्यांनाही मामंजी स्वतःच सांगायचे, "त्यातली न्हाई चालत. त्येंचा रंग देवाला ठावं न्हाई." त्यांच्या तोंडून हे ऐकताना आक्का चुलीपुढं बसून नुसती लाकडं पुढं सारायची. निळ्या दोघींतली एक तर इतकी नेमानं अंडं द्यायची, की मुलगा सकाळी उठला की आधी खुराड्यात हात घालायचा. श्रावण सरेपर्यंत त्याच्या गालावर मांस दिसायला लागलं. मला वाटलं, पावसाळा गेला.

भाद्रपदात गावात तापाची साथ आली आणि तो पडला. दोन दिवस कण्हला, मग कण्हायचाही थांबला. अंडं देऊन बघितलं, पोटात ठरेना. सांगलीहून औषध आणलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. वाट बघण्यासारखं अवघड काम नाही, आणि आक्काला ते जमण्यासारखं नव्हतं. ती प्रथमच दार ओलांडून सोप्यात गेली, मामंजींच्या समोर, आणि म्हणाली, "मामंजी, आपल्या पोराचं बगा."

त्यांनी सूप घेतलं. मी उंबऱ्यावर उभी होते. दाण्यांच्या जोड्या एकदा लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. तिसऱ्यांदाही तेच आलं. शेवटी खाली बघूनच म्हणाले, "म्हसोबा हाय. काळी मागतोय."

काळी घरात नव्हती. मामंजी उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि गावात गेले. आजवर ज्यांना ज्यांना दिल्या त्यांच्या दारात गेले. साथीत घरोघरी देवाला देऊन गावातल्या काळ्या कोंबड्या संपल्या, असं सगळे म्हणाले, आणि ते खरं असावं. एका परड्यात कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली काहीतरी फडफडलं, असं ते पुढं एकदा बोलून गेले, पण त्यांनी डालगं उचलून बघितलं नाही. रिकाम्या हातानं परत आले आणि घोंगडीवर बसून राहिले. आयुष्यभर दिलं आणि एकदा मागायची वेळ आली तर असं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

मी मागच्या परड्यात गेले तर आक्का तिथं होती. मांडीवर ती निळी, नेमानं अंडं देणारी. शेजारी वाटीत तव्याखालची काजळी करडीच्या तेलात कालवलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पाय धर तिचं."

मी धरले. तिनं मानेपासून सुरुवात केली. पिसामागं पीस, पंख उलगडून, शेपटीपर्यंत, लग्नात नवरीला हळद लावावी तसं सावकाश. निळी गप्प बसली होती, तिला माणसांच्या हाताची सवय होती. आक्का रडत नव्हती. जो रंग देवाला कळू नये म्हणून तिनं पाचगणीपासून आणवला होता, तो ती स्वतःच्या हातानं बुजवत होती. मला तिला थांबवावंसं वाटलं, पण काय सांगून थांबवणार? मलाही पोर जगायला हवं होतं.

कोंबडी फडक्यात धरून तिनं मामंजींच्या हातात दिली. "घावली," एवढंच म्हणाली. कुठं, ते त्यांनी विचारलं नाही. ते मळ्याकडं गेले. म्हसोबा आमच्या बांधावरच्या लिंबाखाली होता, शेंदूर लावलेला एक धोंडा. दिवेलागणीला ते परत आले तेव्हा आम्ही दोघी पोरापाशी बसलो होतो. त्यांच्या काखेत कोंबडी होती. जिवंत. ओलीचिंब, आणि निळी. मोटेचं पाणी पडतं त्या विहिरीच्या थारोळ्यात धुतली असणार. पंखाखाली अजून काळं राहिलं होतं. मामंजींच्या दोन्ही तळहातांना काजळी होती आणि पागोट्यालाही बोटं लागलेली होती.

आक्का उठून उभी राहिली. "देवानं वळखलं," ती म्हणाली. "मी फसवलं म्हणून घेतली न्हाई. आता माझं पोरगं न्हेणार."

मामंजी पुढं आले. त्यांनी कोंबडी तिच्या ओट्यात ठेवली आणि म्हणाले, "न्हाई गं. म्हसोबा बोलला माझ्यासंगं. म्हणला, ह्या घरातनं आजवर लय काळ्या पोचल्या, दुसऱ्याच्या पोरांच्या नावानं. त्यातली एक म्या ह्या पोराच्या नावानं धरली. ही ऱ्हाऊ दे. हिचं अंडं पोराला दे."

आक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली, कोंबडीला पोटाशी धरून. त्या दिवसांत ती रडली ती तेव्हा पहिल्यांदा.

मी सोप्यात दिवा लावायला गेले. सूप खुंटीवर होतं. मामंजी दुपारी बघून उठले तेव्हा मीच ते दाणे झाडून खुंटीला अडकवलं होतं, ते तिथंच होतं. बांधावर त्यांनी काही बघितलं नव्हतं. दाण्यावाचून देव बोलत नाही, हे गावाला त्यांनीच शिकवलेलं. मी देव मानत होते की नाही, हे आज मला सांगता यायचं नाही. मामंजी मात्र पुरे मानत होते. देव काळी मागतो आहे, हे त्यांनी स्वतः तीनदा बघितलं होतं, आणि नातू त्यांचाही होता.

ताप उतरायला लागला, हळूहळू. औषधानं की कशानं, यावर मी कधी वाद घातला नाही. पोर भिंतीला धरून चालायला लागलं त्या सुमाराला मी भाकरी घेऊन मळ्यात निघाले होते. लिंबाखालून जाताना म्हसोबापुढं काहीतरी लाल दिसलं. शेंदूर असेल असं वाटलं. वाकून बघितलं तर मामंजींची चंची होती, पावसानं भिजून फुगलेली, तंबाखूनं भरलेली. मी ती उचलली नाही. त्यानंतर मामंजी बरीच वर्षं जगले. लोकांचं बघायचे, सुपारी घ्यायचे नाहीत, आणि बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं कमरेला जायचा आणि तसाच रिकामा परत यायचा.